धारेच्या वाटेवर काशिनाथनाना

बांबूचं बन मागे पडलं आणि खरा चढ लागला, तेव्हा रजनीने तिसऱ्यांदा मागे वळून पाहिलं. काशिनाथनाना दहा पावलांवर होते. ती थांबली की ते थांबत, ती निघाली की निघत. मधलं अंतर काही कमी होत नव्हतं.

ती त्यांच्याकडे पूर्ण वळून उभी राहिली. सासऱ्यांशी बोलायचं तर तोंड समोर धरावं लागे, म्हणजे त्यांना ओठ दिसत. "नाना, तुम्ही पुढे व्हा ना. मी या वाटेला पहिल्यांदाच आले आहे."

"वनखात्यानं दगडांवर पिवळे बाण काढलेत, ते बघ आणि चाल," नाना म्हणाले. म्हणाले कसले, ओरडलेच. झाडावरची दोन पाखरं उडून गेली. "मी मागंच बरा."

रजनी पुन्हा चालू लागली. हातात कापडी पिशवी होती. तिच्यात निरांजन, तुपाची डबी, नारळ आणि झेंडूची चार फुलं. बाजारातून येताना मेथीची जुडीसुद्धा सुनेच्या हातात राहू न देणारा हा माणूस. आज सकाळपासून त्यांनी या पिशवीला हात लावला नव्हता.

आज रथसप्तमी. तीन वर्षांपूर्वी, सुरतेत प्लेग येऊन गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात, याच तिथीला याच वाटेवर नानांचा एकुलता एक मुलगा आणि रजनीचा नवरा भूपेंद्र गेला. "त्याच्या जागेवर एकदा दिवा लावून येऊ," असं नाना परवा आपणहून म्हणाले, तेव्हा रजनीला नवलच वाटलं होतं. तीन वर्षांत त्यांनी या डोंगराचं नाव घेतलं नव्हतं.

सकाळी सुरतेहून सहाची एसटी धरली होती. बारडोलीजवळ साखर कारखान्याच्या मळीचा वास बसमध्ये शिरला. नानांनी नाकाला उपरणं लावलं आणि रजनीला म्हणाले, "घे, आलं बारडोली! नाक सांगतं मला, पाटी वाचायचं कामच नाही." पुढच्या चार बाकांवरच्या माणसांनी वळून पाहिलं. कंडक्टर हसत आला. "काका, धीरे बोलो ने, आखी बस सांभळे छे!" सगळी बस ऐकतेय.

नानांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं आणि हात जोडले. "भाई, बत्तीस वर्षं लूम्सवर आहे. हळू बोलायचं कसं तेच विसरलो."

"तो पछी टिकिट पण जोरथी मागो," मग तिकीटही जोरानेच मागा, असं कंडक्टर म्हणाला आणि बस हसली. नानाही हसले. रजनीला ते हसू फार दिवसांनी दिसलं.

काशिनाथनाना मूळचे अमळनेरकडचे. चोविसाव्या वर्षी सुरतेत आले, ते नवागामच्या एका खोलीत राहिले आणि उधन्याच्या बाजूला एका लूम्सच्या खात्यात लागले. खातं म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड, आत साठ-सत्तर यंत्रमाग, आणि बारा तासांची पाळी. दोन वर्षांत डावा कान गेला, दहा वर्षांत उजवा. नानांना त्याचं फारसं काही वाटलं नाही, कारण तिथे सगळ्यांचंच तसं. खात्यात बोलणं ओठांवर आणि बोटांवर चाले. दोन बोटं वर म्हणजे धागा तुटला, मूठ फिरवली म्हणजे ताण्याचं बीम संपलं. कुणी पाठमोरा असला तर हाक मारून उपयोग नसे. मग सुताची रिकामी कांडी त्याच्या पाठीवर फेकायची. कांडी लागली की कारीगर वळायचा. चेष्टेतही एकमेकांना कांड्या मारायचे आणि वळून पाहिलं की समोरचा आढ्याकडे बघत उभा.

कान गेले, पण एक गोष्ट राहिली. खडखड. बाहेरचं काही ऐकू येत नसलं तरी लूम्स मात्र डोक्यात चालू असत. जेवताना, भजनाला बसल्यावर, झोपेत. "देव मला भेटला तर पहिलं हेच सांगेन, की बाबा, स्विच बंद कर," असं नाना म्हणायचे.

हा डोंगर शोधला भूपेंद्रने. तोही त्याच खात्यात यंत्रं दुरुस्त करायचा. एकदा डांगकडे जाताना एसटी बंद पडली आणि बाकीचे प्रवासी रस्त्यात शिव्या घालत बसले, तेव्हा हा पठ्ठ्या समोरच्या वनखात्याच्या फाटकातून आत शिरला आणि दोन तास फिरून आला. आत तीन वाटा होत्या. झऱ्याची वाट म्हाताऱ्याकोताऱ्यांची, बांबूची वाट शाळेच्या सहलींची, आणि डोंगराच्या धारेवरून माथ्यापर्यंत जाणारी तिसरी. घरी येऊन तो बापाला म्हणाला होता, "नाना, चला एकदा. तिथं अजिबात आवाज नाही."

"मला इथंही नाही," नाना म्हणाले होते.

पण गेले. खात्याची वीज ज्या दिवशी बंद असे तो सुट्टीचा दिवस, त्या दिवशी बापलेक पहाटे निघाले. धारेवर पोचल्यावर नाना एका खडकावर बसले आणि थोड्या वेळाने रडायलाच लागले. भूपेंद्र घाबरला. नाना त्याला म्हणाले, "बंद झाली रे. खडखड बंद झाली."

त्यानंतर दर महिना-दीड महिन्याने ते जाऊ लागले. भूपेंद्रच्या हृदयाला लहानपणापासून त्रास होता, तरी डॉक्टर म्हणाले होते की सावकाश चालायला हरकत नाही, फक्त छातीत कळ आली तर बसायचं आणि गोळी जिभेखाली ठेवायची. पिशवी भरायची ती रजनीने. भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली, गोळ्यांचं पाकीट. आणि पिशवी उचलायची ती नानांनी. पोराच्या खांद्याला ओझं नको.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रथसप्तमीला रजनीला तिसरा महिना होता. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी तिने उठून भाकरी केल्या. संध्याकाळी वनखात्याच्या जीपमधून भूपेंद्र घरी आला, तो पांढऱ्या चादरीत.

बायकांचा आकांत चालला होता. तेवढ्यात सासूबाई, सरलाबाई, उठल्या आणि नानांसमोर जाऊन बसल्या. त्यांनी नानांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, "गोया घरमाच रायग्यात का?" गोळ्या घरीच राहिल्या का? त्या घरात अहिराणीच बोलत. रजनीचं माहेर नाशिककडचं, पण एवढं तिला कळत होतं.

नानांनी बायकोच्या ओठांकडे नीट पाहिलं. मग मान खाली घातली.

सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला. रजनीनेही.

टाकल्या होत्या की नव्हत्या? तिला आठवत होतं, भाकरीच्या फडक्याखाली पाकीट सरकवलं होतं. पण ते त्या दिवशीचं आठवत होतं की त्याच्या आधीच्या खेपेचं? अंधारी आली तेव्हा ती मोरीशी जाऊन बसली होती, ती पिशवी भरायच्या आधी की नंतर? तीन वर्षं हा एकच प्रश्न. श्रावणात घरी खानदेशची कानबाई देवी बसे. सगळ्या बायका धान्य, लेकरंबाळं, कुंकू मागायच्या आणि रजनी हात जोडून म्हणायची, माय, मला काही नको, फक्त एवढं सांग, मी टाकल्या होत्या का?

सरलाबाईंनी तिला घराबाहेर काढलं नाही, मारलं नाही. शेजारच्या पुष्पाबाईंना त्या एवढंच सांगत, "पोरगी वाईट नही, विसर पडना तिले." पण रजनी दाराबाहेर पडायला लागली की आतून आवाज येई, "सर्व लिधं ना व?" सगळं घेतलंस ना? शेजारच्यांना ती काळजी वाटायची. रजनी चपला घालता घालता थिजून जायची.

भूपेंद्रच्या मागे झालेली श्वेता आता अडीच वर्षांची. तिला जेवण रजनीने भरवायचं, न्हाऊमाखू रजनीने घालायचं, पण औषध द्यायचं ते आजीनेच. असा काही नियम कुणी बोलून केला नव्हता. गेल्या आठवड्यात श्वेताला ताप होता, सासूबाई नळावर होत्या, म्हणून रजनीने औषध चमच्यात ओतलं. दारातून सरलाबाई आल्या त्या तशाच ओल्या हातांनी धावल्या आणि चमचा तिच्या हातून काढून घेतला. औषध जमिनीवर सांडलं. "तुन्हा हातना भरोसा नही माले," त्या म्हणाल्या. तुझ्या हाताचा भरवसा नाही मला. बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण त्या देव्हाऱ्याकडे तोंड करून बसून राहिल्या.

नाना खाटेवर होते. त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण सरलाबाईंचं तोंड त्यांच्याच बाजूला होतं.

त्यानंतर दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, दिवा लावून येऊ.

आता वाट धारेवर आली. दोन्ही बाजूंना दरी, सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. पुढे वाट एका वळणाआड जात होती आणि वळणाच्या अलीकडे एक सपाट खडक होता.

"हाच," मागून नाना म्हणाले. या खेपेला आवाज कसा कोण जाणे, हळू आला.

रजनीने खडक पदराने पुसला, निरांजन ठेवलं, फुलं वाहिली. वारा होता. दोन काड्या विझल्या, तिसरीला दिवा लागला. ती डोळे मिटून रामनाम घेत बसली. डोळे उघडले तेव्हा नाना समोर उकिडवे बसले होते आणि त्यांच्या तळहातावर एक औषधाचं पाकीट होतं. चांदीचा कागद काळवंडला होता, पण फोडलेला नव्हता. दहाच्या दहा गोळ्या आत.

"पिशवीत होत्या," नाना म्हणाले. "भाकरीच्या फडक्याखाली. तू ठेवल्या होत्या."

रजनीला पहिल्यांदा काही कळलंच नाही. तिने पाकीट घेतलं, उलटंपालटं केलं.

"मी पुढं चालत होतो. पिशवी माझ्या खांद्याला. हे वळण आहे ना, तिथं होतो मी, आणि पाठीवर एक खडा आला. आम्ही असं करायचो गं. खात्यात कांडी मारतात तसं. दर वेळी मारायचा तो, मी वळलो की आभाळाकडं बघत उभा राहायचा. मी म्हटलं, मस्ती आली पोराला. वळलो नाही. मग दुसरा आला. तो पायापाशी पडला, पाठीपर्यंत पोचला नाही. तेव्हा तरी कळायला हवं होतं मला. त्याच्या हातात जोर नव्हता. पण मी हसलो आणि म्हटलं, चल चल, आज नाही वळत."

नानांनी कपाळावर हात मारला नाही, रडलेही नाहीत. खात्यात एखाद्या मागाचं काय बिघडलं ते मालकाला सांगावं, तसं सांगत होते.

"खडखड बंद झाली होती ना. किती बरं वाटत होतं. त्या बऱ्या वाटण्यात मी माथ्यापर्यंत गेलो. तिथं बसून बिडी ओढली. पोरगं येईना म्हणून मग परत आलो. तो या खडकाला टेकून बसला होता. हातात तिसरा खडा होता."

दिवा फडफडला. रजनीने सवयीने हाताचा आडोसा धरला.

"तुझ्या सासूनं विचारलं तेव्हा सांगायचं होतं मला. तोंड उघडलंच नाही. म्हटलं उद्या सांगू. उद्या उजाडला तोवर तू दोषी ठरली होतीस. मग मी दर दिवशी उद्या म्हणत गेलो."

तू ठेवल्या होत्या. रजनीच्या छातीवरून मणभर ओझं उतरलं, आणि ते उतरलं याचीच तिला लाज वाटली, कारण त्याच क्षणी तिला भूपेंद्र दिसला, बाप पाठमोरा चाललाय आणि हाक मारून उपयोग नाही. मग हळूहळू तीन वर्षं वर आली. चपला घालताना थिजणं. पुष्पाबाईंची कीव. कानबाईपुढे जोडलेले हात. लेकीच्या तोंडापासून काढून घेतलेला चमचा.

ती उठली. पाकीट कमरेला खोचलं, पिशवी उचलली आणि आल्या वाटेने उतरू लागली. नारळ फोडायचा राहिला. नाना येतात की नाही ते तिने पाहिलं नाही. येत होते. पानांचा आवाज मागून येत होता, दहा पावलांवरून.

मग ती बोलायला लागली. मागे न वळता, मोठ्याने. "तुम्ही मला जाळलंत," ती म्हणाली. "माझ्या पोटात पोर होतं तेव्हा मी विचार करायचे की या पोराच्या बापाला मी मारलं. तुम्ही समोर बसून भाकर खात होता. तुम्हाला दिसत होतं. कान गेले तुमचे, डोळे नव्हते गेले. त्या माउलीलाही तुम्ही फसवलंत. तिनं माझा राग केला नसता हो, तिनं मला कुशीत घेतलं असतं, आम्ही दोघी मिळून रडलो असतो. ते रडणंसुद्धा तुम्ही आमच्याकडून घेतलंत. तुम्ही बाप आहात की कोण आहात?" सासूला, सासऱ्याला आजवर उलटून न बोललेली ती बाई, बांबूचं बन येईपर्यंत सागाच्या झाडांना सगळं सांगत होती आणि ज्याला सांगायचं तो मागून चालत होता, काही न ऐकता.

बन लागलं तेव्हा तिचं बोलणं संपलं. घसा कोरडा पडला होता. वनखात्याने बांधलेल्या सिमेंटच्या बाकावर ती बसली आणि पाण्याची बाटली काढली. आधी आपण प्यायली. कितीतरी वर्षांत तिने नानांच्या आधी पाणी घेतलं नव्हतं. मग बाटली पुढे केली.

नाना बाटली हातात धरून उभेच राहिले.

"बोलत होतीस," ते म्हणाले.

"नाही," रजनी म्हणाली.

"तुझे खांदे दिसत होते मला. बत्तीस वर्षं माणसांच्या पाठी बघतोय मी. बरंच बोललीस." ते दोन घोट प्यायले. "मला तोंडावर बोलली असतीस तरी चाललं असतं. पण असू दे. ते तुझं आहे."

रजनीला राग अजून होता आणि त्या रागातही हे दिसत होतं की नाना सगळा भार उजव्या पायावर घेऊन उभे आहेत. तिने बाकावर सरकून जागा केली. नाना बसले. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक घाट चढत होता. तो तिला ऐकू आला, त्यांना नाही.

"आता आहे का?" तिने त्यांच्याकडे वळून, कपाळाशी बोट नेऊन विचारलं. "खडखड?"

"त्या दिवशी पुन्हा सुरू झाली, ती आता इथंही आहे," नाना म्हणाले. "खडकापाशी तर जास्तच होती."

बसला अजून अर्धा तास होता. फाटकापाशी पाटीच्या सावलीत दोघं जाऊन उभी राहिली. रजनीने कमरेचं पाकीट काढून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. ते सासूबाईंपुढे ठेवायचं, हे तिचं ठरलं होतं. पण शब्द कुठले बोलायचे ते ठरत नव्हतं, आणि तिने मनात देवाला विचारलं, की ही गोष्ट मी सांगू की गप्प राहू?

नानांनी तिच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं.

"तू सांगू नको," ते म्हणाले. "तू सांगितलंस तर ती म्हणेल, सून स्वतःला सोडवतेय. मीच सांगणार. आज दिवेलागणीला घरी पोचलो की लगेच, चहाच्या आधी. चहा घेतला की मी पुन्हा उद्या म्हणेन, माझा मला भरवसा नाही." त्यांनी उपरणं काढलं, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकलं. "श्वेताला पुष्पाबाईकडं बसव तेवढा वेळ."

"बरं," रजनी म्हणाली.

लांबून एसटी वळण घेताना दिसली. रजनीने पिशवी उचलली तसा नानांनी तिचा हात धरून तिला थांबवलं आणि आपल्याकडे तोंड करायला लावलं, जसं कधीकाळी सरलाबाईंनी त्यांना लावलं होतं.

"एक काम कर माझं, माय. मी सांगेन तेव्हा माझी मान वर होणार नाही. तिच्या तोंडाकडं बघायची माझी छाती नाही, आणि बघितलं नाही तर ती काय बोलते ते मला कळणार नाही. तू तिथं बस. ती जे जे बोलेल ते मग माझ्यासमोर बसून मला सांग. शिव्या घातल्या तर शिव्या सांग. मर म्हणाली तर तेही सांग. माझी दया येऊन त्यातला एक शब्द गाळू नको."